रिद्धपूर : पुस्तकांनी मोठे केलेले गाव

मुलांनो, नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले तुम्ही पाहिले असतील. निदान त्यांची नावे तरी ऐकली असतील. पण आपल्या वऱ्हाडात एक असे लहान गाव आहे, ज्याचा मोठेपणा किल्ल्यामुळे नाही, तर पुस्तकांमुळे आहे. हे गाव म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर.

ही गोष्ट तेराव्या शतकातील आहे. तेव्हा देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादेत, यादवांचे राज्य होते. विद्वान लोक संस्कृतात ग्रंथ लिहीत. सामान्य माणसे मात्र मराठी बोलत. रिद्धपुरात गोविंदप्रभू नावाचे साधुपुरुष राहत. ते उच्चनीच न मानता कोणाच्याही घरी जात. चक्रधरस्वामी त्यांना आपले गुरू मानत. चक्रधरांनी महानुभाव पंथ स्थापन केला आणि लोकांना मराठीतच उपदेश केला.

चक्रधर निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपुरात जमले. त्यांत म्हाइंभट होते. ते स्वतः संस्कृतचे पंडित होते. तरीही त्यांनी चक्रधरांच्या आठवणी मराठीत लिहायचे ठरवले. ज्यांनी चक्रधरांना पाहिले, ऐकले, त्या माणसांना ते भेटले. त्यांच्याकडून एकेक प्रसंग मिळवून त्यांनी १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार केले. तो मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. याच गावात महदाइसा यांनी ‘धवळे’ रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. महदाइसांना मराठीतील पहिली कवयित्री म्हणतात.

पुढे एका विद्वान शिष्याला संस्कृतात लिहावेसे वाटले. तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्याला थांबवले. संस्कृतात लिहिले तर गरीब म्हाताऱ्या बायकांना ते कसे कळणार, अशी त्यांना काळजी होती. केवढा मोठा विचार!

नंतर लढायांच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नाहीशी झाली. पण अनेकांना त्यातील लीळा तोंडपाठ होत्या. त्यांनी आठवून आठवून त्या पुन्हा लिहिल्या. पोथ्या सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या सांकेतिक लिपीत लिहिल्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या अभ्यासकांमुळे हे साहित्य सर्वांसमोर आले.

तुमच्या उर्दूचा इतिहासही काहीसा असाच आहे. फारसी ही दरबाराची भाषा असताना मुल्ला वजही यांनी १६३५ मध्ये गोवळकोंड्याला ‘सबरस’ हे गद्य पुस्तक दखनीत, म्हणजे दख्खनच्या बोलीत, लिहिले. भाषा दरबारात मोठी होत नाही. ती लोकांच्या तोंडी वाढते आणि कोणी लिहून ठेवली तर टिकते.

आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी मराठीच्या प्राचीनतेचे जे पुरावे दिले गेले, त्यांत या जुन्या ग्रंथांनाही महत्त्व होते.

तुमच्या गावालाही इतिहास आहे. जुनी विहीर कोणी खोदली? मोहल्ल्याला हे नाव कसे पडले? दादी आणि नाना यांना विचारा. ते सांगतील ते उर्दूत लिहा, मराठीतही लिहा. आज लिहिले नाही, तर उद्या सांगणारे कोणी उरणार नाही.