पावसाळी घरातील साधे उपाय

बदलापूर पश्चिमेतील हेंद्रेपाडा उल्हास नदीच्या सान्निध्यात असल्याने, जुलै २००५ आणि जुलै २०१९ मधील महापूर वगळले तरी, तेथील घरांना पावसाळी दमटपणा नित्याचाच असतो. मिठातील मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार आर्द्रताग्राही, म्हणजे हवेतील बाष्प शोषणारे, असल्यामुळे मिठाला पाणी सुटते; बरणीत भाजलेल्या तांदळाचे दाणे टाकल्यास ते बरेच कमी होते. फुगलेल्या दरवाज्याला लगेच रंधा मारू नये, कारण लाकूड उन्हाळ्यात आकसून फट उरते. कडेला मेणबत्ती घासणे पुरेसे ठरते. सर्वांत गुणकारी, आणि सर्वाधिक गैरसमजाचा, उपाय तुरटीचा आहे. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियम गढूळ पाण्यातील ऋणभारित, म्हणून परस्परांना दूर लोटणाऱ्या, मातीच्या कणांचा भार कमी करते, त्यामुळे त्यांचे जड पुंजके बनून तळाशी बसतात व पाणी निवळते. परंतु निवळलेले पाणी निर्जंतुक नसते, ते उकळावेच लागते. भिंतीवरील बुरशीसाठी ब्लीचिंग पावडरचे द्रावण चालते, मात्र त्यात फरशी धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.