पडद्यामागचा तानपुरा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी वाद पेटला, तो चक्क एका भोपळ्यावरून. भोपळा म्हणजे माझ्या आत्याच्या तानपुऱ्याचा. आत्या घोडेगावला मुलींना गाणं शिकवायची. अकाली वैधव्य आलेल्या त्या बाईने शिकवण्यांच्या पैशांवर घर चालवलं. ती गेली आणि तिचा मिरजेचा जनानी तानपुरा नारायणगावला माझ्याकडे आला. तेव्हापासून तो कपाटाशेजारी गवसणीत उभा. केर काढताना बाजूला सरकवायचा, एवढाच काय तो त्याचा आमच्याशी संबंध!

झालं असं, की एका लग्नाच्या लॉनवाल्यांनी तो प्रवेशद्वाराशी सजावटीला ठेवायला विकत मागितला. हे म्हणाले, "देऊन टाक. भजनाला तुला सूर लागतो तो मोबाईलमधला. मग हे धूड कशाला सांभाळायचं?" बोलणं खोटं नव्हतं. आमच्या महिला भजनी मंडळात मी मोबाईलवरचाच तानपुरा लावते. तार लावायची कटकट नाही, पट्टी हवी ती मिळते आणि पर्समध्ये मावतो.

पुण्याहून भाचा आला होता. तो गिटार वाजवतो. तो हसून म्हणाला, "मावशी, हेच भांडण आमच्यातही आहे गं." त्यांच्या गिटारचे जुन्या पद्धतीचे अ‍ॅम्प्लिफायर असतात व्हॉल्व्हचे. आठवतो का तुम्हाला व्हॉल्व्हचा रेडिओ? बटण दाबल्यावर आधी मिनिटभर तापायचा, आतल्या काचेच्या नळ्या लालसर दिसायच्या आणि मग सावकाश आवाज यायचा. तेच तंत्र. आवाज खूप वाढवला, की व्हॉल्व्ह तो एकदम तोडत नाही, त्याच्या कडा गोल करतो. त्यातून मूळ सुराच्या वरचे आणखी सूर मिसळतात. म्हणून तो आवाज भरदार, उबदार वाटतो. पण ते यंत्र जड, महाग आणि नाजूक. आता पोळपाटाएवढी डिजिटल पेटी मिळते. ती हिशेब करून त्याच आवाजाची हुबेहूब नक्कल करते. "वाजवताना बोटांना फरक कळतो असं मला वाटतं," भाचा म्हणाला, "पण रेकॉर्डिंग ऐकवून ओळखायला सांगितलं, तर मी सपशेल चुकलो."

ते ऐकलं आणि मी ठरवलं, तानपुरा द्यायचा की नाही ते नंतर. आधी कानांची परीक्षा!

त्याआधी तानपुरा गातो कसा ते सांगते. चार तारा. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी आला, की तार घोडीला हलकेच चाटत राहते आणि सूर फुलतो, गुणगुणतो. हीच जिवारी. त्यामुळे एका सुरातून वरचे कितीतरी सूर उमटतात. उत्तम लागलेल्या तानपुऱ्यात कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो तो यामुळेच. साध्या तारेतून जे सूर निघायला नकोत तेही इथे कसे निघतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली शोधनिबंध लिहिला होता.

मिरजेत ही वाद्यं दीडशेहून अधिक वर्षं बनताहेत. सुरुवात केली ती शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. यंत्राचा तानपुराही काही कालचा नाही. बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी तो १९७९ साली आणला. आताच्या मोबाईलमधल्या बऱ्याच तानपुऱ्यांत तर खऱ्याच तानपुऱ्याचा ध्वनिमुद्रित आवाज असतो. म्हणजे नक्कल म्हणावी, तर तीही अस्सलाचीच!

तर आमची परीक्षा. गुरुवारी भजनाला आम्ही सात-आठजणी जमतो. देवळाच्या सभामंडपात दोरीवर जुनं नऊवारी टाकलं. त्यामागे मी, आत्याचा तानपुरा आणि मोबाईलला जोडलेला बरा स्पीकर. नुसत्या मोबाईलचा स्पीकर इवलासा. त्यातून खर्ज नीट येतच नाही, मग मोबाईल बिचारा आधीच हरला असता.

पहिल्यांदा दोन्ही आवाज माईकवरून कर्ण्यातून सोडले आणि बायकांना मंडपाच्या टोकाशी बसवलं. सहाजणींपैकी तिघींनी बरोबर ओळखलं, तिघी चुकल्या. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच! मग माईक बंद करून सगळ्यांना पडद्याला खेटून बसवलं. आता पाचजणी बरोबर. "ह्याचा आवाज अंगाला लागतो गं," एक म्हणाली.

तिसऱ्या खेपेला मात्र मी लबाडी केली. दोन्ही वेळा मोबाईलच लावला, पण दुसऱ्यांदा सांगितलं, "आता हा मिरजेचा हं." झालं! "वा, काय गोडवा!" "शेवटी खरं ते खरंच!" मी पडदा बाजूला केला तेव्हा हसून हसून पुरेवाट. आमच्या आक्का म्हणाल्या, "आगं, तू मिरज म्हणालीस आन् मला बी गोड लागलं. कानानं ऐकलंच न्हाई, नावानं ऐकलं."

आमच्या या घरगुती खेळाला कुणी शास्त्र म्हणणार नाही. पण शास्त्रज्ञांनीही असे पडदे लावलेत. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे लावून, जुन्या जगप्रसिद्ध स्ट्रॅडिव्हेरियससारख्या आणि नव्या व्हायोलिनी वाजवायला दिल्या. बहुतेकांना नवं-जुनं ओळखता आलं नाही. सगळ्यांत जास्त आवडली ती नवी व्हायोलिन आणि सगळ्यांत कमी आवडली ती एक स्ट्रॅडिव्हेरियस! म्हणजे आम्ही काही अगदीच अडाणी नव्हतो.

आमच्या गावाला तर हा प्रश्न रोजचाच. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. पाडव्याच्या सुमारास इथे तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. आता फडाच्या स्टेजवर ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड आणि कीबोर्डही दिसतो. मोठ्या कर्ण्यांतून लांबच्या प्रेक्षकाला दोन्हींतला फरक किती कळत असेल, कोण जाणे. पण नाचणारीच्या पायाला तो कळत असणार. ढोलकीवाला तिच्याकडे बघून हात फिरवतो, ती थबकली की तोही थबकतो. ऑक्टोपॅड वाजवणाराही माणूसच असतो, तो असा थांबू शकतो. पण नुसत्या मशीनवर ताल लावून दिला तर तो कुणासाठी थांबणार?

यातून मला एक उमगलं. कुठला आवाज खरा, यापेक्षा तो कुणासाठी हवाय, हे विचारावं. कर्ण्यातून ऐकणाऱ्याला मोबाईल पुरतो. शेजारी बसून गाणारीला तो थोडा कमी पडतो.

पण खरी गोष्ट तर पुढेच होती. मंडळातली एक तरुण सूनबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, मोबाईलला नावं नका ठेवू. मी पहाटे भाकरी थापताना ओट्यावर तो लावून सा लावते. घरात तानपुरा कुठून आणू?" मी ओशाळले. आत्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींचं गाणं लग्नानंतर सुटलं, कारण सासरी तानपुरा नव्हता आणि असता तरी तो उघड्यावर मांडून बसायची सोय नव्हती. हिच्या हातात ती सोय आलीय.

मी तिला आत्याचा तानपुरा मांडीवर दिला. त्या दिवशी पावसाची झड होती, तारा उतरल्या होत्या. मोबाईल कधी उतरत नाही. म्हणून तो आपल्याला कधी विचारतही नाही, "बाई, सूर बरोबर आहे का?" तिने खुंटी पिळली, मणी सरकवला, सूत मागेपुढे केलं. अर्धा तास गेला. मध्येच जोड जुळला आणि ती चमकून माझ्याकडे बघायला लागली. आत्या तरी दुसरं काय शिकवायची? पहिला महिना ती आम्हाला गाऊच द्यायची नाही, नुसती तार लावायला बसवायची.

लॉनवाल्यांना मी नाही म्हणून कळवलं. तानपुरा आता देवळातल्या खोलीत असतो. गुरुवारी ज्या दोघी आधी येतील त्यांनी तो लावायचा. बाकीचे सहा दिवस ओट्यावर मोबाईल आहेच. हे मात्र अजून म्हणतात, "फरक काय पडला?" त्यांना मी एकदा पडद्यामागे बसवणार आहे.

तुम्हीही करून बघा, मैत्रिणींनो. घरातली पेटी, ढोलकी, काही असेल ते घ्या आणि एक जुनं लुगडं आडवं टाका. फक्त आधी नाव सांगू नका हं!