औषधजन्य मळमळ व वांती
औषधजन्य मळमळ व वांती : रोगनिवारणासाठी घेतलेल्या औषधाचा अनिष्ट परिणाम म्हणून होणारी मळमळ व ओकारी (उलटी). ओकारी म्हणजे जठरातील पदार्थ तोंडावाटे जोराने बाहेर टाकण्याची शारीरिक क्रिया. ती इतरांना दिसते व किती वेळा झाली हे मोजता येते. मळमळ ही मात्र केवळ रुग्णालाच जाणवणारी संवेदना असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. ओकारी थांबली म्हणजे त्रास संपला, असा चिकित्सकाचा व घरच्या मंडळींचा समज होतो. परंतु दिवसभर टिकणारी मळमळ पुष्कळ रुग्णांना ओकारीहूनही असह्य वाटते. या त्रासाला कंटाळून रुग्ण औषध परस्पर सोडून देतो आणि मूळ रोग बळावतो, हे या विकाराचे खरे गांभीर्य होय. क्षयरोगात असे झाल्यास औषधांना न जुमानणारे जंतू निपजण्याचा धोका असतो, तर कर्करोगात बरा होऊ शकणारा रुग्णही हातचा जाऊ शकतो.

ओकारी करविणारी औषधे मानवाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी वमन या कर्मासाठी गेळफळाचा उपयोग करतात. तेथे ओकारी हा इष्ट परिणाम असतो. प्रस्तुत नोंदीत विचार केला आहे तो नको असलेल्या परिणामाचा.

वांतीची यंत्रणा : खाण्यातून शरीरात गेलेले विष बाहेर टाकता यावे म्हणून प्राण्यांमध्ये ओकारीची प्रतिक्षेपी (इच्छेवर अवलंबून नसलेली) क्रिया उत्क्रांत झाली असावी, असे मानतात. कित्येक औषधांना शरीर विषाप्रमाणेच वागविते. या क्रियेचे नियंत्रण लंबमज्जेतील (मेंदूच्या सर्वांत खालच्या भागातील) तंत्रिका कोशिकांच्या जाळ्याकडे असते. त्यालाच सोयीसाठी ‘वमनकेंद्र’ म्हणतात. तेथे चार वाटांनी सूचना पोहोचतात : जठर व आतडे यांपासून प्राणेशा तंत्रिकेमार्फत, रक्तातून, आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून आणि मेंदूच्या वरच्या भागांकडून, म्हणजे भीती, किळस, वास व स्मृती यांच्याद्वारे. रक्तातील विषाची चाहूल घेणारा एक लहानसा भाग चौथ्या मस्तिष्कविवराच्या तळाशी असतो. मेंदूच्या इतर भागांचे रक्तातील अनेक पदार्थांपासून रक्षण करणारा अडसर या ठिकाणी जवळजवळ नसतो, त्यामुळे रक्तात फिरणारे औषध त्याला सहज जाणवते. या भागाचे कार्य अमेरिकन शास्त्रज्ञ बॉरिसन व वांग यांनी १९५०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांनी स्पष्ट झाले.

कोणते औषध कोणत्या वाटेने ओकारी घडविते हे कळले, तरच उपाय नेमका करता येतो. लोहाच्या गोळ्या, वेदनाशामके व कित्येक प्रतिजैविके यांचा मुख्य रोख जठराच्या अस्तरावर असतो; अशी बहुतेक औषधे जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. मॉर्फीन रक्तावाटे व काही अंशी आंतरकर्णाच्या वाटेने कार्य करते. त्यामुळे मॉर्फीन घेणारा रुग्ण पडून असताना बरा असतो, परंतु उठून चालू लागताच त्याला ढवळू लागते. हा त्रास बहुधा आठवड्याभरात ओसरतो. मॉर्फिनामुळे होणारा मलावरोध मात्र तसा ओसरत नाही व तोच पुढे मळमळीचे कारण बनतो.

कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. मेंदूत त्याचे डोपामिनात रूपांतर होणे हा उपचाराचा हेतू असतो. तथापि तेच रूपांतर मेंदूबाहेरही होते व त्या डोपामिनामुळे ओकारी होते. कार्बिडोपा हे द्रव्य मेंदूबाहेरील रूपांतर रोखते, पण स्वतः मेंदूत शिरत नाही. दोन्ही एकत्र दिल्याने लेव्होडोपाची मात्रा बरीच कमी करता आली व मळमळही घटली. अशा एका संयुक्त गोळीचे व्यापारी नावच ‘ओकारीविना’ या अर्थाच्या लॅटिन-ग्रीक शब्दांवरून ठेवण्यात आले होते.

इशारा म्हणून वांती : प्रत्येक वांती दाबून टाकावयाची नसते. इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या हृद्‌रोगावरील वनस्पतीविषयी ग्रंथ लिहिला. मात्रा अधिक झाल्यास मळमळ, ओकारी व दृष्टिदोष उद्‌भवतात, हे त्यांनी त्यात नोंदविले आहे. आजही डिजॉक्सिन घेणाऱ्या वृद्धाची भूक अचानक गेल्यास व त्याला ओकाऱ्या होऊ लागल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण वाढल्याची शंका घ्यावी लागते. लिथियम व थिओफायलीन यांबाबतही हेच खरे आहे. क्षयरोगाच्या उपचारात पहिल्या काही दिवसांत होणारी मळमळ बहुधा निरुपद्रवी असते व हलक्या न्याहारीबरोबर गोळ्या घेतल्याने ती आटोक्यात येते. परंतु काही आठवडे सुरळीत गेल्यावर नव्याने ओकाऱ्या सुरू झाल्या, अन्नावरची वासना उडाली आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसीन व पायराझिनामाइड यांपैकी एखाद्या औषधाने यकृताला इजा झाली असण्याचा संभव असतो. अशा वेळी गोळ्या थांबवून त्याच दिवशी चिकित्सकाकडे जाणे आवश्यक असते. येथे केवळ ओकारी थांबविणारी गोळी देणे घातक ठरू शकते [⟶ क्षयरोग].

कर्करोगावरील औषधे : या विषयातील बहुतेक ज्ञान कर्करोगाच्या रासायनी चिकित्सेतून (केमोथेरपीतून) मिळाले आहे. सिसप्लॅटिन या प्लॅटिनमाच्या संयुगाचा कोशिकांवरील परिणाम बार्नेट रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये उघडकीस आणला. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. वृषणाच्या कर्करोगावर ते अतिशय गुणकारी ठरले. परंतु प्रतिबंधक औषध न दिल्यास ते घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ओकाऱ्या होत आणि काहीजण पुढील मात्रा घेण्यास नकार देत. १९८१ मध्ये रिचर्ड ग्रॅला व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेटोक्लोप्रमाइड हे जुने औषध मोठ्या मात्रेत नीलेवाटे दिल्यास या ओकाऱ्या पुष्कळ कमी होतात, असे दाखविले. मेटोक्लोप्रमाइड हे डोपामिनाला विरोध करणारे औषध म्हणून ज्ञात होते; मग लहान मात्रेत न साधणारा हा परिणाम मोठ्या मात्रेत का साधावा, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

उंदीर व घूस यांना ओकारी होतच नाही, त्यामुळे नेहमीचे प्रायोगिक प्राणी या संशोधनात निरुपयोगी होते. फेरेट या मुंगसाएवढ्या मांसाहारी प्राण्यावर प्रयोग करण्यात आले. सेरोटोनिनाच्या विशिष्ट ग्राहींना (कोशिकेवरील संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना) अडविले असता सिसप्लॅटिनामुळे होणारी ओकारी थांबते, असे १९८६ मध्ये मायनर व सँगर यांना आढळले. शरीरातील बहुतांश सेरोटोनीन आतड्याच्या अस्तरातील कोशिकांत साठविलेले असते. सिसप्लॅटिनामुळे ते बाहेर पडते व प्राणेशा तंत्रिकेची टोके उद्दीपित करते. मोठ्या मात्रेतील मेटोक्लोप्रमाइड हेच ग्राही अडवीत होते. या शोधातून आलेल्या ऑनडॅन्सेट्रॉनाला १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

ऑनडॅन्सेट्रॉनामुळे पहिल्या चोवीस तासांतील ओकारी बरीच आटोक्यात आली. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर करणारी विलंबित वांती त्याला तितकी दाद देईना. तिच्यामागे ‘पदार्थ पी’ या दुसऱ्या संदेशवाहकाचा हात असल्याचे समजल्यावर त्याला विरोध करणारे ॲप्रेपिटँट २००३ मध्ये उपलब्ध झाले. आज तीव्र वांतिकारक उपचारापूर्वी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडासह ही दोन्ही औषधे आणि पुष्कळदा ओलँझपीन हे मुळात मनोविकारांवरील औषध देतात. ओलँझपिनाची मळमळीवरील क्रिया विशेष चांगली आहे, मात्र त्याने गुंगी येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रूढ १० मिग्रॅ. ऐवजी २·५ मिग्रॅ. मात्राही ओकारी रोखण्यात उणी पडत नाही व तिच्यामुळे दिवसा येणारी गुंगी कमी असते, असे दिसून आले. उपचारानंतर कामावर वा दूरच्या गावी परतणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

रुग्णालयातून घरी गेल्यावर पहिला दिवस बरा गेला म्हणून सोबत दिलेल्या गोळ्या न घेण्याची चूक पुष्कळांकडून होते व विलंबित वांती नेमकी त्यानंतर गाठते. या गोळ्या ओकारीची वाट न पाहता ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यावयाच्या असतात. एकदा सुरू झालेली ओकारी थांबविणे हे ती रोखण्यापेक्षा फार अवघड असते. स्त्रिया, तरुण रुग्ण, ज्यांना प्रवासात गाडी लागते असे लोक आणि गर्भारपणी ओकाऱ्यांचा फार त्रास झालेल्या स्त्रिया यांना धोका अधिक असल्यामुळे ही माहिती चिकित्सकाला आधीच द्यावी.

पूर्वानुभवजन्य वांती : पहिल्या एक-दोन उपचारांत फार त्रास झालेल्या रुग्णाला पुढे रुग्णालयाच्या वासाने किंवा सलाईनच्या बाटलीच्या दर्शनानेही ओकारी होते, औषध अजून शरीरात गेलेलेही नसते. हे रुग्णाचे ढोंग वा मनाचा दुबळेपणा नसून पाव्हलॉव्ह यांनी वर्णिलेल्या अवलंबी प्रतिक्षेपाचाच प्रकार आहे. नेहमीची वांतिरोधके येथे फारशी चालत नाहीत. स्नायू शिथिल करण्याचा सराव व भीतिदायक प्रसंगाची टप्प्याटप्प्याने सवय करून देणे यांचा उपयोग होतो, असे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉरो व मॉरेल यांच्या अभ्यासात आढळले. अन्नाविषयीही असेच घडते. उपचारापूर्वी विशिष्ट स्वादाचे आइसक्रीम दिलेली कर्करोगग्रस्त मुले पुढे तेच आइसक्रीम टाळू लागली, असे इलीन बर्नस्टीन यांनी १९७८ मध्ये दाखविले. त्यामुळे उपचाराच्या दिवशी मुद्दाम आवडीचा पदार्थ करून घालण्याची घरच्यांची माया उलटण्याचा संभव असतो.

आहार व घरगुती काळजी : दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. फोडणीचा व तळणाचा वास मळमळ वाढवितो. म्हणून स्वयंपाक चालू असताना रुग्णाला दुसऱ्या खोलीत किंवा मोकळ्या हवेत बसवावे व अन्न कोमट वा गार करून द्यावे. तांदळाची पेज, मऊ भात, साळीच्या लाह्या, कोरडी भाकरी किंवा टोस्ट सहसा सोसतात. पाणी जेवताना घटाघट न पिता मध्यंतरी घोट घोट प्यावे. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. आले चघळल्याने काहींना बरे वाटते. तथापि त्याविषयीच्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत आणि ते वांतिरोधक औषधाची जागा घेऊ शकत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिनाची मात्रा हळूहळू वाढविल्यास व ते जेवणाबरोबर घेतल्यास बहुतेकांना सोसते. अलीकडे मधुमेह व स्थूलता यांवर वापरात आलेली सेमाग्लुटाइडासारखी औषधे जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावतात. ती घेणाऱ्यांनी पोट भरल्याची पहिली जाणीव होताच ताटावरून उठणे श्रेयस्कर.

दुकानातून परस्पर वांतिरोधक गोळी आणून घेणेही निर्धोक नाही. मेटोक्लोप्रमाइडामुळे, विशेषतः मुलांत व तरुणांत, मान व जबडा वाकडा होण्याचे झटके येऊ शकतात. कंपवाताच्या रुग्णाचा विकार त्याने बळावतो. डोंपेरिडोन व ऑनडॅन्सेट्रॉन यांमुळे काही हृद्‌रोग्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. ऑनडॅन्सेट्रॉनाने मलावरोधही होतो.

चोवीस तासांत पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी फार कमी व गडद होत असेल, ओकारीत रक्त वा कॉफीच्या गाळासारखा पदार्थ दिसत असेल, तीव्र डोकेदुखी, पोटदुखी किंवा ग्लानी असेल, अथवा रासायनी चिकित्सा चालू असताना ताप आला, तर विलंब न लावता रुग्णालयात जावे. दीर्घकाळ स्टेरॉइडे घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात गोळी टिकत नसल्यास ती इंजेक्शनाने द्यावी लागते; ती एकाएकी बंद पडल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. सौम्य निर्जलीकरणात जलसंजीवनीचे द्रावण दर काही मिनिटांनी चमच्याने पाजावे. ओकारी झाल्यास सुमारे दहा मिनिटे थांबून ते अधिक सावकाश पुन्हा सुरू करावे.