विदा प्रतिकृतीकरण
दैनंदिन व्यवहार नोंदविणाऱ्या डेटाबेसमधील विदेची (डेटाची) प्रत विश्लेषणासाठी क्लाउड डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे दूरस्थ विदाकोठारात, अद्ययावत राखण्याची क्रिया. प्रथम कोष्टकांची संपूर्ण प्रत घेतात. त्यानंतर केवळ बदल वाहून नेतात. बदल हुडकण्यासाठी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल इत्यादींचा लॉग (बदलांची क्रमवार नोंदवही) वाचणे श्रेयस्कर. ‘शेवटचा बदल केव्हा’ या रकान्यावर विसंबल्यास पुसून टाकलेल्या ओळी निसटतात.

स्नोफ्लेकसारख्या कोठारात विदा स्तंभवार साठविलेली असते व लिहिलेले खंड जागच्या जागी बदलता येत नाहीत. त्यामुळे एकेक ओळ भरणे फार खर्चिक पडते. म्हणून साधने बदलांच्या संपीडित फायली (सुमारे १०० ते २५० मेगाबाइटच्या सोयीच्या मानतात) तात्पुरत्या साठ्यात ठेवतात, ‘कॉपी’ आज्ञेने मध्यस्थ कोष्टकात भरतात आणि ‘मर्ज’ आज्ञेने अंतिम कोष्टकात मिळवितात. एकाच ओळीचे अनेक बदल आले असल्यास तत्पूर्वी शेवटचा तेवढा निवडावा लागतो.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. स्नोफ्लेकच्या नेहमीच्या कोष्टकांत, तसेच अ‍ॅमेझॉन रेडशिफ्टमध्ये, प्राथमिक कळ केवळ घोषित असते. तिचे पालन कोठार करवून घेत नाही. जोडणी तुटून तोच गठ्ठा पुन्हा आला, तर दुबार नोंदी रोखण्याचा भार सर्वस्वी साधनावर पडतो. साधनच बंद राहिल्यास मात्र आपत्ती मूळ ठिकाणी ओढवते : रेप्लिकेशन स्लॉटमुळे पोस्टग्रेस न वाचलेला लॉग राखून ठेवते आणि मर्यादा घातलेली नसल्यास व्यवहारांच्या संगणकाची डिस्क भरून जाते.