लॅपटॉप घेताना वॅट विचारा

कार्यालयासाठी लॅपटॉपची खरेदी निघाली की तीन-चार कोटेशन्स मागवली जातात आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता तयार होतो. एका रकान्यात जाडी आणि वजन, दुसऱ्यात ग्राफिक्स, तिसऱ्यात वॉरंटी. प्रत्येक रकान्याला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या यंत्राची ऑर्डर काढायची. या पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे. रचना, ग्राफिक्स आणि सेवा हे तीन गुण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असे ती धरून चालते. प्रत्यक्षात हे तिन्ही गुण उष्णतेने एकमेकांशी बांधलेले असतात आणि तक्त्यात उष्णतेचा रकानाच नसतो. किती उष्णता बाहेर टाकता येईल हे यंत्राच्या जाडीवर ठरते, ग्राफिक्सचा खरा वेग त्यावर ठरतो, आणि वर्षानुवर्षे ती उष्णता सोसून जे भाग थकतात ते बदलून मिळणार की नाही हे सेवेवर.

अ‍ॅपलच्या मॅकबुक प्रोमध्ये हे तिन्ही धागे एकाच यंत्रात दिसतात. जुलै २०१८ मध्ये कंपनीने सहा कोअरचा आय-९ प्रोसेसर १५.५ मिलिमीटर जाडीच्या १५ इंची यंत्रात बसवला. प्रोसेसरचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ होता, पण व्हिडिओ संकलनासारखे सलग चालणारे काम दिले की तो त्याहूनही खाली घसरत असल्याचे परीक्षणांत आढळले. उष्णता-नियंत्रणाच्या फर्मवेअरमध्ये त्रुटी असल्याचे कंपनीने काही दिवसांतच मान्य केले आणि दुरुस्ती पाठवली. तिने बराच फरक पडला. तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या १६ इंची यंत्राची जाडी १६.२ मिलिमीटर होती, हीटसिंक मोठा होता आणि सलग कामात १२ वॅटपर्यंत जास्त शक्ती पेलता येईल असे कंपनीनेच सांगितले. या १६ इंची यंत्राच्या आधीच्या काही वर्षांतल्या यंत्रांत जाडी वाचवणारा बटरफ्लाय कीबोर्ड होता. त्याच्या कळा धुळीने अडकत, म्हणून जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. हा कीबोर्ड वरच्या धातूच्या भागाला रिव्हेट केलेला आणि त्याच भागाला बॅटरी चिकटवलेली, त्यामुळे कळांच्या दोषापायी बऱ्याचदा बॅटरीसकट तो सगळा भागच बदलावा लागे. जाडी कमी करण्याच्या निर्णयाचा भार शेवटी सेवा केंद्रावर पडला.

यामागचे विज्ञान अवघड नाही. चिपला लागणारी शक्ती ही व्होल्टेजचा वर्ग आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, म्हणून वरच्या टोकाला थोड्याशा वेगासाठी भरपूर वॅट मोजावे लागतात. या सगळ्या शक्तीची अखेर उष्णताच होते. लॅपटॉपचे खालचे झाकण उघडले तर चिपवरून निघून कडेपर्यंत गेलेली तांब्याची चपटी नळी दिसते. तिच्या आत किंचित द्रव असतो. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, कडेला असलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीपाशी ती थंड होऊन पुन्हा द्रव बनते, आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो. पत्रे जितके उंच आणि पंखा जितका जाड, तितकी जास्त उष्णता बाहेर पडते. मिलिमीटरचा हिशेब इथे चुकता करावा लागतो.

आता ग्राफिक्सच्या रकान्याकडे पाहा. तिथे ‘आरटीएक्स ४०६०’ असे लिहिलेले असते आणि दोन यंत्रांत तेच नाव असेल तर दोघांना सारखेच गुण मिळतात. पण एनव्हिडियाच्याच माहितीनुसार लॅपटॉपमधली ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येते. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या पेटीची जाडी आणि पंखे पाहून ठरवते. नाव तेच, स्मृती तितकीच, किमतीतही फार अंतर नाही, पण तासभर रेंडरिंग लावले की दोन यंत्रे वेगळी पडतात. या आकड्याला टीजीपी म्हणतात आणि बहुतेक कोटेशनवर तो नसतो.

यावर जाणकारांचा एक रास्त आक्षेप असतो : वॅट निम्मे केले म्हणून वेग निम्मा होत नाही. हे खरे आहे आणि ते वरच्याच नियमातून निघते. वरच्या टोकाचे वॅट महाग असल्याने ते काढून घेतले तरी वेगात त्या मानाने कमी घट होते. म्हणून ६० वॅटची चिप हा अनेकांसाठी उत्तम सौदा ठरू शकतो. माझा मुद्दा एवढाच की हा सौदा खरेदीदाराने जाणूनबुजून करावा. दुसरा आक्षेप याहून व्यवहार्य आहे. रोज लोकलने ठाण्याहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर अडीच किलोचे यंत्र का लादायचे? लादूच नये. टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि व्हिडिओ मीटिंग हेच काम असेल तर प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स आज पुरेसे आहे, आणि अशा यंत्राने सडपातळ असण्यात काहीच गैर नाही. तोटा होतो तो मधल्या यंत्रात : दिसायला सडपातळ, नावाला वेगळे ग्राफिक्स कार्ड, आणि ते कार्ड पूर्ण शक्तीने कधीच चालत नाही. कार्डाचे पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात.

महाराष्ट्रात या हिशेबात हवामानही धरावे लागते. अनेक लॅपटॉपच्या तांत्रिक पत्रकात वापराच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि बांधकामाच्या साइटवरच्या कार्यालयात वातानुकूलन असेलच असे नाही. चिप ९५ अंशांवर रोखून धरायची असेल तर २५ अंशांच्या खोलीत तापमानातला फरक ७० अंशांचा मिळतो, ४२ अंशांच्या खोलीत ५३ अंशांचा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते, म्हणजे तीच जाळी आणि तोच पंखा जवळपास चतुर्थांश कमी काम करतात. त्यात जाळीत धूळ बसते, चिपवरची थर्मल पेस्ट सुकते आणि गरम राहिलेली लिथियम-आयन बॅटरी लवकर दम सोडते.

सेवेचा प्रश्न इथे उभा राहतो, आणि माझ्या मते पहिली चाळणी याच प्रश्नाची लावावी. धूळ काढायला झाकण साध्या स्क्रूने उघडते का? पंखा आणि बॅटरी सुटी मिळतात का? रॅम बदलता येते की मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे? लेनोव्हो थिंकपॅडच्या दुरुस्तीची सचित्र पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवते. भाग आणि माहिती सहज मिळत असली की कंपन्यांनी वापरून काढलेली यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नव्याने उभी राहतात. याउलट ‘लष्करी दर्जाची चाचणी उत्तीर्ण’ या शिक्क्यावर फार विसंबू नये. एमआयएल-एसटीडी-८१० हे चाचण्यांच्या पद्धतींचे मानक आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे उत्पादकच ठरवतो आणि अमेरिकी लष्कर अशा लॅपटॉपला कोणतेही प्रमाणपत्र देत नाही.

स्वस्तातले यंत्र घेऊन तीन वर्षांनी बदलावे, सेवेसाठी जादा पैसे कशाला, असेही म्हटले जाते. पण लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीतच खर्ची पडलेला असतो, त्यामुळे दोन वर्षे जास्त वापरणे हीच पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत मोठी बचत. आणि ज्या दिवशी यंत्र बंद पडते त्या दिवशीचा पगार, अडकलेले टेंडर, थांबलेला नकाशा यांची किंमत त्या कोटेशनमध्ये कुठेच नसते. सॉफ्टवेअरची मुदतही याच हिशेबात येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला तेव्हा विंडोज ११ च्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे अडचणीत आली.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्ती किती सोपी याचा दहापैकी गुणांक दाखवणे बंधनकारक झाले. भाग मिळतात का, किती महाग आहेत, यंत्र उघडणे किती सोपे आहे, हे त्यात मोजले जाते. आपल्याकडच्या खोक्यांवर असा आकडा येईपर्यंत खरेदी विभागांनीच तो मागायला हवा. ग्राफिक्सचे वॅट किती, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि तुमच्या पिनकोडवर ऑनसाइट अभियंता किती दिवसांत येईल, ही तीन उत्तरे विक्रेत्याकडून कोटेशनवरच लेखी घ्या.