‘शब्दकोशात दिलंय’ म्हणजे नक्की कुठे?

समजा, तुम्ही मिशिगन किंवा टेक्ससमधल्या एखाद्या कॉलेजात इतिहासाचा पेपर लिहिताय. समोर एकोणिसाव्या शतकातला मराठी कागद आहे आणि त्यात ‘राजीनामा’ हा शब्द आलाय. घरात ऐकून तुम्हाला तो ठाऊक आहे: नोकरी सोडल्याचं पत्र. पण या कागदात नोकरीचा पत्ताच नाही. एक शेतकरी आहे, जमिनीचा तुकडा आहे आणि सरकार आहे.

शब्द फारसीतून आलाय. राजी असल्याचा नामा, म्हणजे संमतीचा कागद. वादात दोन्ही पक्षांनी तडजोड केली की त्या कागदालाही राजीनामा म्हणत. आणि ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात जमिनीवरचा हक्क सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, तर ती जमीन घेणारा कबुलायत. यातला कुठला अर्थ धरता, त्यावर तुमचा अख्खा युक्तिवाद उभा राहतो. म्हणून ‘शब्दकोशात असं दिलंय’ एवढं पुरत नाही. कुठल्या शब्दकोशात? आणि तो कधीचा?

अमेरिकेत बसून मराठी कोश बघायचे तर बहुतेक जण शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशांकडे जातात. तिथे मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. सगळे एकाच संकेतस्थळावर असल्यामुळे ते एकाच वयाचे वाटतात. तसं अजिबात नाही. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ ची. ऑनलाइन दिसते ती १८५७ ची दुसरी, सुधारून वाढवलेली. दाते-कर्व्यांचे खंड १९३२ पासूनचे, तुळपुळे-फेल्डहाउस १९९९ चा. १८६० च्या कागदाला मोल्सवर्थ हा जवळपास समकालीन साक्षीदार आहे. तेराव्या शतकातल्या महानुभाव ग्रंथासाठी मात्र तो उशिरा आलेला पाहुणा! शिवाय त्याच्यासाठी शब्द गोळा करणारे बहुतेक ब्राह्मण पंडित होते. त्यामुळे एखाद्या जातीबद्दल किंवा बोलीबद्दल तो काय म्हणतो, ते व्याख्या म्हणून नव्हे, तर त्या काळचं मत म्हणून उद्धृत करा.

आता तळटीप. शिकागो मॅन्युअलची रीत सोपी आहे: कोशाचं नाव, आवृत्ती, मग ‘एस. व्ही.’ आणि अवतरणचिन्हांत शब्द. ‘एस. व्ही.’ म्हणजे लॅटिन ‘सब व्हर्बो’, म्हणजेच ‘या शब्दाखाली’. कोश अकारविल्हे लावलेला असल्यामुळे पान सांगायची गरज नसते. प्रसिद्ध कोश फक्त तळटिपेत द्यावेत, संदर्भसूचीत नकोत, असंही हे मॅन्युअल सांगतं. ही सवलत वेबस्टरला ठीक आहे. मोल्सवर्थ आपल्याकडे घराघरात माहीत असला, तरी तुमच्या प्राध्यापकांना तो माहीत असेलच असं नाही. तेव्हा माझं मत: मराठी कोशाचा पूर्ण तपशील द्या, सूचीतही घ्या आणि शब्द देवनागरीत लिहून शेजारी रोमन रूप द्या. एमएलए आणि एपीएमध्ये तर नोंद सूचीत जातेच.

विश्वकोशाची गोष्ट वेगळी, कारण तिथे नोंदीला लेखक असतो. वाईहून निघालेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ चा, मुख्य संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. नोंद संपली की खाली लिहिणाऱ्याचं नाव येतं, आडनाव आधी. ते शोधा आणि तेच पुढे ठेवा. सरसकट ‘जोशी’ लिहिलंत, तर ज्यानं काम केलं तो गायब होतो. शिवाय पुढच्या खंडांचे संपादकही वेगळे आहेत. साल त्या खंडाचं घ्या. सुरुवातीच्या खंडांत गावांची लोकसंख्या १९७१ ची आहे. ती ‘आजची’ म्हणून पेपरात गेली, तर दोष विश्वकोशाचा नव्हे.

आणि एक कोश असा, की जिथे ‘एस. व्ही.’ अर्ध्यावरच अडतं. श्रीधर व्यंकटेश केतकर तुमच्यासारखेच इथे शिकायला आलेले. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेलमधून १९११ मध्ये त्यांनी पीएचडी घेतली. भारतातल्या जातिव्यवस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक त्याआधीच, १९०९ मध्ये छापलं गेलं होतं. परत जाऊन त्यांनी २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढला. त्याचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत: ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’ वगैरे. ते अकारविल्हे नाहीत. तिथे केतकर स्वतःची मतं सविस्तर मांडतात. त्यामुळे तिथला दाखला देताना खंड, प्रकरण आणि पान द्या, आणि वाक्यातच ‘केतकरांच्या मते’ असं लिहा.

लायब्ररीत शोधताना मात्र नावांची गंमत सांभाळा. आपण ‘यशवंत’चं स्पेलिंग कसंही करतो, पण अमेरिकन कॅटलॉगच्या लिप्यंतरात त्याला शेवटी ‘ए’ लागतो, त्यामुळे यशवंत रामकृष्ण दाते तिथे ‘यशवंता’ म्हणून सापडतात. सूचीत कॅटलॉगचं रूप घ्या, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला पुस्तक मिळेल.