बंद पडलेली पद्मिनी

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुमच्या घरातील मोठ्या माणसांनी नक्कीच पाहिली असेल. इटलीच्या फियाट मोटारीवरून बनवलेली ही गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. ‘पद्मिनी’ हे नाव तिला नंतर मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. हौशी लोकांनी मात्र आपल्या पद्मिनी अजून जपून ठेवल्या आहेत.

टॅक्सीवाल्याचे पोट रोजच्या धंद्यावर असते. गाडी तासभर बंद राहिली की तेवढी भाडी गेली. म्हणून पुष्कळ टॅक्सीवाले लहानसहान दुरुस्ती स्वतःच करत. तेही कसे, ते पाहा.

इंजिन चालायला पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. गाडी बंद पडली, तर यांपैकी काय कमी आहे ते आधी शोधायचे. पाना नंतर हातात घ्यायचा.

सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर बॅटरीकडे पाहावे. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचतो. तारा सोडवून तो गरम पाण्याने धुतात, टोके कोरडी करतात आणि तारा पुन्हा घट्ट बसवतात.

इंजिन फिरते, पण चालू होत नाही? मग एक प्लग काढून तारेला जोडतात आणि इंजिनच्या लोखंडावर टेकवून सेल्फ मारतात. ठिणगी दिसली नाही, तर बहुधा डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळून काळे पडलेले असतात. ते बारीक पॉलिश पेपरने घासतात. उघडल्यावर त्यांच्यात सुमारे अर्धा मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ही तपासणी पेट्रोलची नळी सोडण्याआधीच करतात, कारण सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी पडली तर गाडी पेटेल.

ठिणगी चांगली असेल, तर दोष पेट्रोलचा. मे महिन्याचे ऊन, त्यात वाहतुकीची कोंडी! इंजिन तापते, त्याच्या अंगावरचा पेट्रोल पंपही तापतो. मग नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढू शकतो. वाफ त्याला नीट ढकलता येत नाही. त्यामुळे टाकीत पेट्रोल असूनही कार्बोरेटर कोरडाच राहतो. अशा वेळी चालक बोनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवतो. थोड्या वेळाने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी सुरू होते. पाहणाऱ्याला ही जादू वाटते, पण हे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले संघननच आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र तेव्हा उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

ब्रेकच्या बाबतीत जुने चालक असा प्रयोग करत नसत. पायाखालचे ब्रेकचे पेडल सहज तळाला गेले, की गाडी तिथेच उभी करून मिस्त्रीला बोलावत.